आमच्या विनाशिकेचा बॉयलर उसाच्या मळ्यात

लढाई संपल्यावर विनाशिकेचं, म्हणजे लढाऊ जहाजाचं, पुढे काय होतं, हे सांगायला कुणी बसत नाही. लढाईतले तिचे पराक्रम सगळ्यांना हवे असतात. पुढचं भंगारवाल्याला ठाऊक. मी ते सांगणार आहे, कारण तिच्या पोटात मी दोन वर्षं भट्ट्या पेटवल्या, आणि तिचं जे काही उरलं आहे ते गेल्या दिवाळीनंतर नगर जिल्ह्यात जाऊन पाहून आलो. प्रवास करून आलेले लोक बहुधा प्रसन्न मनाने लिहितात. मी चिडून परत आलो आणि अजून चिडलेलाच आहे. घाटातलं धुकं आणि डोंगरामागचा सूर्य ज्यांना हवा त्यांनी दुसरं काही वाचावं.

मी मूळचा हर्णैचा. जहाजाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तिच्यावर काम केलं त्यांना ते कळेल. जहाज गोऱ्यांचं. जपान शरण आलं तसे गोरे खलाशी घरी जायला उतावीळ झाले, आणि तिच्या भट्टीखान्यात आम्हां हिंदी स्टोकरांची भरती झाली. शत्रू उरला नव्हता, पण धावपळ तीच. आज सैनिक घेऊन कोलंबोला जा, उद्या तोफांच्या सरावासाठी निशाणीचा तराफा ओढ, परवा कुठल्याशा बंदरात दिव्यांच्या माळा लावून साहेबांच्या मेजवानीला उभी राहा. दुरुस्ती मागितली की उत्तर ठरलेलं, की ही आता मोडीतच जायची, हिच्यावर खर्च कशाला. मोडीत जायची होती ती. आम्ही नव्हतो, पण हा फरक वरच्या डेकवरून दिसत नसावा.

बंदरात उभं असताना दिव्यांना आणि पंपांना वाफ पुरवायला तिच्यावर एक लहान बॉयलर होता. एका मेजवानीच्या संध्याकाळी त्याची नळी फुटली. दाराशी येसुदास उभा होता, नगरचा ख्रिस्ती, आमच्यातला सगळ्यात हसरा. तो जागीच गेला. त्याला ओढायला धावलेल्या शंकरचा, माझ्या जोडीच्या स्टोकरचा, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वर बँड वाजत होता. पाहुणे घाबरतील म्हणून तो थांबवला नाही. येसुदासला झोळीतून वर आणलं तेव्हाही नाचाचीच गत चालू होती, आणि तो ताल मला आजही ऐकवत नाही.

पुढे जहाज मुंबईला आणून भंगारवाल्याला विकलं. आम्हांला घरी धाडलं. मी एका गिरणीच्या बॉयलरवर लागलो, शंकर नगर जिल्ह्यात आपल्या गावी गेला. मग गेल्या दिवाळीत शंकरचा मेहुणा, जो गोदीत हमाली करतो, माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "दाजींनी निरोप दिलाय. म्हन्ले, आपल्या जहाजाचा बारका बॉयलर हितं साखरंच्या कारखान्यात आलाय. मलाच त्याच्यावर ठिवलंय. गनपतला म्हनावं, येकदा यिऊन बघून जा." मी रजा टाकली.

नगर ते तिसगाव

पुण्याहून नव्या सरकारी मोटारीने नगरला आलो. मोटार चांगली, कंडक्टरला गणवेश, आणि त्या गणवेशाचा त्याला एवढा अभिमान की उतारूंशी तो कलेक्टरासारखा बोलत होता. नगरात उतरल्यावर चहा प्यायलो. चहात दूध एवढं की चहा शोधावा लागला. आमच्याकडे उलट, दूध हळूच दाखवतात.

मेहुण्याने बहिणीसाठी लुगडं आणि बांगड्यांचं गाठोडं दिलं होतं, म्हणून आधी शंकरचं गाव, तिसगाव, गाठायचं होतं. करंजीच्या घाटात मोटार तापून बंद पडली. सगळे उतरलो, ढकललं, आणि वर पोचल्यावर ड्रायव्हरने मोटारीच्या तोंडात ओतायला पाणी मागितलं. एका म्हातारीने कमरेवरची कळशी गच्च धरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मला ते तेव्हा माणूसघाणेपणाचं वाटलं. तिसगावात पोचल्यावर तासाभरातच मत बदललं.

शंकरचं घर वेशीपासून जवळच. दोन खोल्या आणि पुढे शेणाने सारवलेलं अंगण. त्याची बायको चंद्रभागा पोटुशी होती, सातवा-आठवा महिना असावा. तिने पाय धुवायला तांब्या दिला. आमच्या हर्णैला दाराशी भरलेलं घंगाळ असतं. आल्यागेल्याने दोन्ही पायांवर भसाभसा ओतायचं. मी सवयीने तांब्या एका पायावर रिकामा केला आणि दुसरा पुढे करून उभा राहिलो. ती आत जाऊन अर्धा तांब्या घेऊन आली. मग शेजारीण सांगू लागली की विहीर आटलीय, ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीने पाणी भरावं लागतं, आणि चंद्रभागा या अवस्थेत दोन खेपा करते. मी तो अर्धा तांब्या तसाच ठेवला आणि एक पाय धुळीचा घेऊन घरात गेलो.

जेवायला हुलग्याची शिंगोळी होती, वर लसणाचा ठेचा आणि बाजरीची भाकरी. शिंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या, तिखट पाण्यात शिजवलेल्या. मासळीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासाला ती कोरडी लागली, तिसऱ्याला गोडी कळली, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

चंद्रभागा उंबऱ्याशी बसून म्हणाली, "भावजी, तुमी त्यांच्यासंगं हुता जहाजावर. मला येक सांगा. हात च्यानं भाजला का?"

"चहानं कोण म्हणालं?"

"त्येच म्हन्ले. सांडला म्हने च्या. च्यानं कुनी रातचं दचकून उठतं व्हय? येसू, येसू करत्यात. आमच्यात तर कुनी येसू न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. शंकरने लपवलेलं मी का सांगावं, हा विचार मागाहून आला. पण खोटं बोलून मी तिच्या घरची शिंगोळी पचवू शकलो नसतो. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् त्योच बायलर हितं आलाय?"

"तोच की दुसरा, बघूनच कळेल."

"बगा. आन् त्योच आसंल तर त्यांला घिऊन या. नोकरी ऱ्हाऊ द्या. मला मानूस पायजे." तिने चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली.

कालव्यावर

नगरला परत येऊन राहुरीच्या पुढे गेलो आणि मुलूखच बदलला. कालव्याचं पाणी पाटापाटांतून खळखळत होतं, उसाची शेतं माणसाच्या वर गेली होती, गुऱ्हाळांचा गोड वास नाकात बसत होता. लोक म्हणतील, काय सुंदर दृश्य. मला तिसगावची वाटी आठवत होती. एका जिल्ह्यात एकाला तांब्याभर पाण्यासाठी झरा उकरावा लागतो आणि दुसऱ्याचा ऊस गळ्यापर्यंत बुडून उभा असतो, आणि दोघांचा कलेक्टर एकच.

कारखाना लहानसा, खाजगी. पत्र्याची शेड, एक चरक, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. दुसऱ्या दिवशी हंगामाचं उद्घाटन म्हणून कमानी उभारणं चाललं होतं. शंकर बॉयलरखान्याच्या दाराशी भेटला. वाळला होता. मला पाहून तो हसला, भाकऱ्यांचं फडकं ओळखून हसायचा थांबला, आणि हाताला धरून मला आत घेऊन गेला.

तोच होता. हिरवा रंग फासला होता, तेलाच्या ज्योतीऐवजी चिपाड जाळायला खालचा भाग तोडून विटांचा केला होता. पण येसुदासच्या बाजूचं दार मी कुठेही ओळखलं असतं. बिजागरीवर आम्हीच ठोकलेलं ठिगळ होतं.

"नळ्या बदलल्या?" मी विचारलं.

"फुटलेली तेवढी बुजवली. बाकी त्याच."

मग त्याने वर बोट दाखवलं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या डोक्यावर लोखंडी पट्टी आडवी टाकून दोन बोल्टांनी आवळली होती. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाफ जास्त झाली की हा व्हॉल्व्ह आपोआप उचलला जातो आणि जादा वाफ बाहेर सोडतो. मोठ्याने ओरडतो तो, पण ओरडतो म्हणून माणसं जगतात. त्याच्यावर पट्टी आवळली की बॉयलरचं तोंड बांधलं.

"ही कुणी बसवली?"

"मॅनेजर सायबांनी. चाचनीला व्हॉल्व्ह लवकर उचलत हुता. म्हन्ले, चरक ओढत न्हाई येवढ्या वाफंवर. म्हैना झाला, मी रोज म्हनतोय काढा. म्हनत्यात बोल्ट गंजल्यात, आता निघायचे न्हाईत, हंगाम झाल्यावर बगू."

"आणि सरकारकडून तपासायला आले ते?"

"त्ये आले तवा पट्टी नव्हती."

मी त्याला तिथेच म्हणालो, चल, गाठोडं बांध. तो म्हणाला, "मी गेलो तर दुसरा कुनी यील. त्याला काय म्हाईत आसनार? मी निदान वाफंचा काटा बगून चिपाड कमी टाकतो." मी त्याच्यावर ओरडलो. बायकोचं सांगितलं, पोरं बापाशिवाय वाढतात ते सांगितलं. त्याने भाकरी खाल्ली, चटणी बोटाने पुसून खाल्ली, आणि उद्या मुहूर्त झाल्यावर मालकांशी बोलू म्हणाला. मालक देवमाणूस आहेत, मॅनेजरच आडवा येतो, असं त्याचं मत. देवमाणूस. नोकर माणसाला असा एक देवमाणूस लागतोच, नाहीतर दिवस जात नाहीत.

अग्निप्रदीपन

हंगामातली बॉयलरची पहिली आग मुहूर्त पाहून, पूजा करून पेटवायची, त्याला या भागात अग्निप्रदीपन म्हणतात. मालक-मालकीण जोडीने बसतात. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडीची पूजा होते, त्यामुळे यंत्राला हळदकुंकू वाहिलेलं पाहून मला हसू येत नाही. पण होडीची पूजा करण्याआधी आम्ही तिची भोकं बुजवतो. इथे झेंडूच्या माळा घातल्या होत्या त्या थेट पट्टीवर. लोखंड फुलांखाली झाकलं गेलं होतं.

पाहुणे आले, गुलाबपाणी झालं. भटजींनी संकल्प सांगितला. मालकीणबाईंनी, पन्नाशीच्या, ठेंगण्या, शांत चेहऱ्याच्या बाई त्या, कापराची पेटती वात पळीतून भट्टीत सोडली. चिपाडाने पेट घेतला. टाळ्या पडल्या. मालक उठून पाहुण्यांकडे वळणार, तेवढ्यात मी पुढे गेलो. ठरवून गेलो नव्हतो. टाळ्या ऐकल्या आणि मेजवानीचा बँड ऐकू आल्यासारखं झालं.

"मालक, या बॉयलरवर मी दोन वर्षं काम केलंय," मी म्हणालो. "जहाजावर याची एक रीत होती. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा आग घातली की मुख्य इंजिनिअर स्वतः खाली येऊन उभा राहायचा. वाफ पुरी चढेपर्यंत हलायचा नाही. ज्याने पेटवायला सांगितलं त्याने जवळ थांबायचं."

रीत खरी होती. शेवटच्या वर्षात ती कुणी पाळली नाही, हे मी सांगितलं नाही.

मॅनेजर हसून म्हणाला, "कोण हो हे?" मालकांनी हात झटकला. पण मालकीणबाई म्हणाल्या, "रीत आसंल तर मोडायची कशाला? इस्तू माझ्या हातनं पडला. मी बसते." आणि त्यांनी पाट भट्टीसमोर ओढून घेतला, डोईवरचा पदर सारखा केला आणि मांडी घालून बसल्या.

आता मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा वर फुलांकडे. मग मॅनेजरला बाजूला घेऊन दोनच शब्द बोलले. मॅनेजरने कोट काढला, स्वतः शिडीवर चढला, झेंडूच्या माळा ओरबाडून खाली फेकल्या आणि पाना लावला. गंजलेले बोल्ट, जे महिनाभर निघत नव्हते, ते भटजींची दक्षिणा होईपर्यंत निघाले.

शंकर खाली मान घालून चिपाड सारत होता. मला वाटलं, त्याला आनंद झाला असेल. त्याने मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. "म्हैनाभर मी बी हितंच बसत हुतो," तो म्हणाला.

मी लिहिताना शिव्या घालत नाही. त्या वेळी घातल्या, मोठ्याने घातल्या, आणि त्या ऐकायला मालक तिथे थांबले नव्हते.

दुपारी शेडबाहेर पंगत बसली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदी. बाई उठल्या नाहीत. त्यांच्यासाठी पान आत आलं, तेही त्यांनी बाजूला ठेवलं. शंकरने त्यांना सांगून ठेवलं होतं, "आई, काटा हितवर आला की वरनं लई मोठा आवाज व्हईल. भिऊ नगा. त्यो आवाज आला म्हंजी समदं ठीक हाय." काटा तिथवर आला आणि व्हॉल्व्ह उचलला. जुनं, ओळखीचं ओरडणं. शेड पांढऱ्या वाफेने भरली. बाईंनी पदर घट्ट धरला, शंकरकडे पाहिलं, आणि तो हसतोय म्हटल्यावर बसूनच राहिल्या.

बाहेर मात्र पंगत उधळली. बॉयलर फुटला, बॉयलर फुटला करत पाहुणे पानांवरून पळाले. एक वजनदार गृहस्थ उसाच्या शेतात घुसले आणि पाटात पडले. पाचेक मिनिटांनी व्हॉल्व्ह आपोआप बसला, वाफ ओसरली, कुणाच्या केसाला धक्का लागला नव्हता. मी वेड्यासारखा खूश होऊन बाहेर आलो आणि सांगू लागलो की हे चांगलं झालं, हे असंच व्हायला हवं. ऐकणारं कुणी नव्हतं. भर मुहूर्ताच्या जेवणात किंकाळी उठली, म्हणजे हंगामाला अपशकुन झाला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. यंत्राने आपलं काम चोख बजावलं, तर तो अपशकुन. त्याने निमूट सगळ्यांना भाजलं असतं तर मुहूर्त बिघडला नसता बहुधा.

संध्याकाळी शंकरला काढलं. पाहुण्यांसमोर नाचक्की केली, बाहेरचा माणूस आणून मालकीणबाईंना खुळावलं, हे आरोप. बाई दारात आल्या होत्या. "आवो, त्यानं मला आधी सांगितलं हुतं आवाजाचं," असं म्हणू लागल्या, तर मालक म्हणाले, "तू घरात जा. कारखान्यातलं तुला कळत न्हाई." त्या गेल्या. देवमाणूस तो.

परत

सकाळी आम्ही दोघे सडकेवर आलो. मला वाईट वाटत नव्हतं. चंद्रभागेला माणूस मिळणार होता. वाटेत समोरून एक जण आला, खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. शंकरला पाहून थांबला. नामदेव त्याचं नाव. विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनावर काम केलेला माणूस. शंकरच्या जागेवर त्याला बोलावलं होतं.

शंकरने विचारलं, "पट्टी बसवली का रं परत?"

"व्हय. राती बोलवून समदं दावलं, तवा सायेब म्हन्ले, तिला हात लावायचा न्हाई. कसली पट्टी हाय ती?"

शंकर सडकेवर उभा राहिला. मग गाठोडं माझ्या हातात दिलं. "मी याच्यासंगं जातो. याला काटा तरी दावतो." मी दंड धरला, त्याने सोडवला. मी मागोमाग गेलो. मॅनेजरने आधी हुसकलं; पगार नको, नुसता बसतो, असं शंकर म्हणाल्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि हसला. बिनपगारी माणूस मिळाला होता. ते हसू आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

मी एकटा तिसगावला आलो. वाटभर चंद्रभागेला काय सांगायचं ते जुळवत होतो आणि दाराशी येताच सगळं विसरून घडलं ते सांगितलं. मालकीण बसल्याचं, बोल्ट निघाल्याचं, शंकर परत गेल्याचं.

ती म्हणाली, "मी जाऊन बसले तर काडतील का पट्टी?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग त्यांलाच काडते." तिने उरलेलं पाणी शेजारणीकडे ओतून दिलं, दाराला कडी लावली, आणि पोटावर हात धरून त्या खडखडत्या मोटारीत बसली. मी तिच्याबरोबर गेलो.

बॉयलरखान्याच्या दारात जाऊन ती उभी राहिली. आत आली नाही. "घरी चला," एवढंच म्हणाली. शंकर मला काय, मॅनेजरला काय, कुणालाही उत्तर देऊ शकत होता. तिच्यापुढे त्याने हातातलं चिपाड खाली टाकलं. त्याने नामदेवला सगळं समजावलं आणि विचारलं, "आता ऱ्हातो का?" नामदेव वर पाहत राहिला आणि मग घोंगडी उचलून म्हणाला, "मला बी घर हाय." दोघांनी मिळून आग बाहेर ओढली, विझवली, आणि आम्ही चौघे चालत सडकेवर आलो. मागे मॅनेजर ओरडत होता, तो मात्र अगदी पट्टी नसल्यासारखा.

शंकर आता चंद्रभागेला घेऊन मुंबईत माझ्या खोलीवर आहे. त्याला मुलगी झाली. त्या बॉयलरबद्दल जिथे तक्रार करायची तिथे आम्ही दोनदा जाऊन आलो, बघतो म्हणाले. कारखाना चालू आहे. म्हणजे तिसरा माणूस मिळाला. तो कोण, कुठल्या गावचा, आम्हांला ठाऊक नाही. राहुरीच्या पुढे, कालव्याच्या काठी, हिरव्या रंगाचा बॉयलर आहे. तुमच्यापैकी कुणाचा नवरा, भाऊ, मुलगा या हंगामात तिथे लागला असेल, तर निरोप धाडत बसू नका. स्वतः जा, दारात उभे राहा आणि त्याला घरी घेऊन या.